रिकाम्या ट्रकचं वजन

स्टेडियमच्या पोटात, धुलाईयंत्रांच्या पलीकडे
आमची अभ्यासिका.
भिंतीतून दिवसभर टॉवेलांची घरघर येते,
आणि दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा कागद:
शिकवणाऱ्याची पेन्सिल विद्यार्थ्याच्या कागदाला लागू नये.
भेटवस्तू नको. गाडीतून घरी सोडणं नको.
बिस्किटही नको.

ऑरिनच्या बाबतीत बिस्किटाचा प्रश्नच नव्हता.
जानेवारीत तो बाटलीत थुंकत बसायचा
एकशे सत्तावन्न पौंडांत मावण्यासाठी,
आणि मी विचारायचे, सरासरी म्हणजे काय?
तो ओठ चाटायचा. ओठांना पापुद्रे.
"पुन्हा सांगा, आत्ता ऐकलं होतं मी."
ऐकलं होतंच त्यानं.
पण उपाशी डोक्यात शब्द पाहुण्यासारखे येतात,
चहापाण्याचं चिन्ह दिसेना, की उठून जातात.

तीस वर्षं मी आयोवातल्या एका गावशाळेत गणित शिकवलं.
कुणाच्या वहीत हात न घालता शिकवायचं
हे निवृत्तीनंतर, इथं शिकले.
तो हातचा विसरला की माझी पेन्सिल
माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात गोल काढत राहायची,
एकात एक,
कागद फाटेपर्यंत.

वर, प्रशिक्षकांच्या खोलीत, एक तक्ता.
हिरवा म्हणजे खेळेल.
लाल म्हणजे बाकावर.
पिवळा म्हणजे मी.

फेब्रुवारीत, परगावच्या मॅटवर,
त्याचा उजवा खांदा निखळला.
शस्त्रक्रिया, मग हात गळ्यात.
तक्त्यावरून नाव कुणी पुसलं नाही,
फक्त पुढच्या चौकोनात रंग भरायचं राहून गेलं.

तो मात्र आला. मंगळवारी, चारला,
बूट बर्फानं ओले, आणि डाव्या हातात अर्ज:
लेखनिक मिळावा.
खाली तीन सह्या, चौथ्या ओळीत माझं नाव.

निबंधाचा विषय, तुमच्या माहितीतलं एखादं काम.
तो छताकडे बघत सांगू लागला,
"माझी आई धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळते. पूर्णविराम."
मी लिहिलं. त्याच्या कागदावर, पहिल्यांदाच.
हात कापला थोडा, माझाच.
"ट्रक आधी भरलेला तोलतात. मग मका ओततात.
मग रिकामा तोलतात.
ड्रायव्हर कधी उतरतो, कधी बसून राहतो,
पण दोन्ही वेळा एकच काय ते करायचं,
नाहीतर त्याचीही मक्यात गणती होते."

मला हसू आलं. त्यालाही, पण खांद्यानं हसू दिलं नाही.
पुढच्या एका वाक्यात क्रियापद चुकलं.
मी चुकीचंच उतरवलं.
अर्जाच्या मागे बारीक अक्षरात तसं बजावलेलं होतं.

"मोठ्यातून लहान वजा करायचं," तो म्हणाला,
"उरेल तो मका."
इतकं सरळ उत्तर त्यानं मला
अख्ख्या सत्रात दिलं नव्हतं.

मग बराच वेळ नुसते टॉवेल फिरत राहिले.

"तीन वर्षं मला रिकामंच तोललं."
"हे लिहू?"
"लिहा." आणि लगेच, "नको. खोडा."
मी एकच रेघ मारली, अक्षरं दिसतील अशी.
सवय.

तो वाकून बघत राहिला त्या रेघेकडे.
मग डाव्या हातानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली
आणि वाकड्यातिकड्या, पहिलीतल्या पोराच्या अक्षरांत
तेच वाक्य खाली पुन्हा लिहिलं.
वेळ लागला. पावणेपाच झाले.

मी वाचलं. शिक्षिकेची खोड जात नाही.
"कर्ता कुठाय?" मी विचारलं,
प्रश्न विचारायला नियमाची आडकाठी नाही.
"कुणी तोललं?"

ऑरिननं वर छताकडे पाहिलं.
वरच्या मजल्यावर कुणीतरी
खुर्ची सरकवली.